रायगडावर रणगाडा

एका आईचा प्रश्न आहे: 'मुलगा आठ वर्षांचा. यंदा सोसायटीतल्या मुलांनी मिळून दिवाळीत रायगड केला. वर सिंहासनावर महाराज, उतारावर मावळे, आणि महादरवाजासमोर दोन रणगाडे नि बंदुका रोखलेले हिरवे प्लास्टिकचे सैनिक. विचारलं तर म्हणाला, अतिरेकी येणार आहेत. त्याच्या डोक्यात इतिहासाची भेसळ होतेय का? आणि ही मुलं सारखी लढाईच खेळतात, त्याची काळजी करायची का?'

भेसळ आहे खरी, पण त्यानं केलेली नाही. घरात, शाळेत, टीव्हीवर जे एकत्र कानावर पडतं तेच त्यानं मातीत मांडलं. काळजीचं म्हणाल तर एका जागी करावी असं मला वाटतं, आणि ती जागा रणगाडा नव्हे. त्याबद्दल पुढे येतोच.

मी इतिहास शिकवतो आणि दिवाळीत किल्ला स्पर्धांचा परीक्षक म्हणून गल्लोगल्ली हिंडतो. सोबतचे परीक्षक बुरूज मोजतात, हळीव किती दाट उगवलंय ते बघतात, कारंजं चालतंय का विचारतात. मी आधी शत्रू शोधतो. तो कुठे उभा केलाय, कोणत्या कपड्यांत आहे, त्याच्यात कुणी म्होरक्या आहे की नुसतीच गर्दी आहे, यावरून त्या गल्लीत इतिहास कसा सांगितला जातो ते बऱ्यापैकी कळतं.

सगळ्यात वरचा थर ताज्या बातमीचा असतो. कारगिलचं युद्ध १९९९ च्या जुलैत संपलं आणि नोव्हेंबरच्या दिवाळीत किल्ल्यांवर बर्फ पडला, कापसाचा. एका अंगणात डाव्या हाताला सिंहगड, उजव्या हाताला टायगर हिल, आणि दोन्हीकडे सुतळीवर माणसं लटकवलेली. बघायला आलेली मोठी माणसं हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे रात्री कडा चढून गेले, आणि १९९९ च्या जुलैत ग्रेनेडियर्सचे जवान रात्रीच दोर लावून टायगर हिलच्या कड्यावर चढले. वर बसलेल्याला बेसावध गाठायचं तर तो जिकडे बघत नाही त्या बाजूनं जायचं, एवढं त्या पोरांनी दोन्हीकडून बरोबर उचललं होतं. पुस्तकात हे दोन धडे एकमेकांपासून लांब असतात.

२००८ ची दिवाळी मुंबईवरच्या हल्ल्याच्या आधीच होऊन गेली होती, त्यामुळे किल्ल्यांवर तो हल्ला दिसायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. चोर-शिपायांत मात्र तो महिन्याभरात आला. शिपायाचा कमांडो झाला, चोराचा अतिरेकी. पळणं तेच, पकडणं तेच, 'राज्य' घेणंही तेच. २०१६ मध्ये सर्जिकल स्ट्राइकची बातमी सप्टेंबरच्या शेवटी आली आणि दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी; मातीला महिनाही पुरला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले आणि त्या दिवाळीत एरवी कुणी फारसा न करणारा साल्हेर दिसू लागला. बागलाणातला हा किल्ला आमच्या शहरातल्या मुलांना नकाशावरही सापडत नव्हता.

आणि तुमच्या रायगडावरचे ते हिरवे सैनिक जरा हातात घेऊन बघा. शिरस्त्राण, बंदूक, गुडघा टेकून नेम धरण्याची ढब, सगळं अमेरिकी आहे. असे प्लास्टिकचे सैनिक अमेरिकेत १९३८ च्या सुमारास निघाले, दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचं पेव फुटलं, आणि आता ते पिशवीत भरून आपल्या बाजारात येतात. म्हणजे महाराजांच्या राजधानीवर अमेरिकी पायदळाचा पहारा. मुलांना त्याचं काही नसतं. जवळ जो सैनिक आहे तो आपला, असा साधा हिशोब.

हा झाला वरचा थर. खरं शिकायचं असेल तर मुलं कोणत्या लढाया खेळत नाहीत ते बघा. प्रतापगड, पन्हाळा, सिंहगड, आग्र्याहून सुटका यांची पुनरावृत्ती दरवर्षी होते. १४ जानेवारी १७६१ चं पानिपत मोठ्यांच्या बोलण्यात रोज येतं. मुलांच्या अंगणात ते मी एकदाही पाहिलेलं नाही. जून १६६५ चा पुरंदरचा तह पाहिला नाही. त्यात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि बारा आपल्याकडे राहिले. खेळ म्हणून त्याची मांडणी किती सोपी आहे: पस्तीस ठिपके काढा, तेवीस पुसा. कुणी काढत नाही. रायगड तर घरोघर होतो, पण तो कायम राज्याभिषेकाचा रायगड. १६८९ मध्ये मोगल सरदार झुल्फिकारखानानं वेढलेला आणि शेवटी घेतलेला रायगड, येसूबाई आणि लहानगे शाहू जिथून कैदेत गेले तो रायगड, किंवा मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी राजवाडा पेटला तो रायगड कुणी करत नाही.

यावर लगेच सांगाल की बाजीप्रभू, तानाजी, मुरारबाजी हे तर पडले, आणि त्यांच्या लढाया मुलं जीव तोडून खेळतात. अगदी खरं. पोरांना मरायला फार आवडतं. घोडखिंडीत पडणारा बाजी तर दोन-दोन मिनिटं मरत असतो, पुन्हा उठून तोफांचे आवाज झाले का विचारतो आणि पुन्हा मरतो. मरण खेळता येतं, कारण त्याला आपल्या गोष्टींत मान आहे. शरण जाणं, तह करणं, हरून घरी परत येणं याला मान नाही, म्हणून त्याचा खेळ होत नाही. मिर्झाराजांसमोर माघार घेताना महाराजांना किती थंड डोक्यानं विचार करावा लागला असेल, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं ऐकून घेतात. अंगणात गेल्यावर सोडून देतात.

मात्र जगभर असंच असतं असं समजू नका. मी याकडे बघताना एक साधा भेद करतो: अंगावर आलेलं युद्ध आणि कानावर आलेलं युद्ध. दोन्हींतून निघणारे खेळ फार वेगळे असतात.

विल्ना, म्हणजे आजच्या लिथुआनियातलं विल्नियस. सप्टेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४३ तिथे नाझींनी ज्यूंना एका कोंडलेल्या वस्तीत, गेटोत, डांबलं होतं. तिथली मुलं काय खेळत होती हे त्यातून जिवंत वाचलेल्या लोकांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या एका खेळात गेटोचा दरवाजा असे. एक मुलगा व्हायचा मुरर, हा नाझी अधिकारी. दुसरा व्हायचा लेवास, हा दरवाजावरच्या ज्यू पहारेकऱ्यांचा प्रमुख. बाकीची मुलं दिवसभर बाहेर राबून परतणारे मजूर, कपड्यांत काहीबाही खायचं लपवून आत आणू बघणारे. पहारेकरी झडती घेणार, लपवलेलं सापडणार, मार बसणार. मुरर आला की पहारेकरी जास्तच मारणार. मुलांनी खेळात दरवाजा फोडला, मुररला पळवून लावलं, असं का केलं नाही? कारण दरवाजा रोजचा होता. त्यातून आत कसं यायचं हाच त्यांच्या आई-बापांचा रोजचा प्रश्न होता, आणि खेळात तोच सोडवायचा होता. लेवास ज्यू होता हेही त्यांनी लपवलं नाही. आपला माणूसही आपल्याला मारतो, एवढी अवघड गोष्ट मोठ्यांच्या इतिहासात यायला कितीतरी वर्षं जातात. ती त्या खेळात त्याच महिन्यात होती.

त्याच काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमानसतज्ज्ञ बॉम्बहल्ल्यांत होरपळलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. तिथली मुलं कागदाची घरं करून त्यांवर बॉम्ब म्हणून गोट्या टाकत. हवाई हल्ल्यात वडील गेलेला चार वर्षांचा एक मुलगाही तेच खेळे. फरक एवढाच की त्याच्या खेळात घरं पुन्हा दुरुस्त होत आणि सगळी माणसं वाचत. वडील गेले हे तो अजून मानत नव्हता. युक्रेनमध्ये २०२२ पासून गावाकडच्या रस्त्यांवर पोरांनी खेळण्यातल्या बंदुका घेऊन नाकी उभारली. येणाऱ्या मोटारी थांबवायच्या आणि ड्रायव्हरला 'पालियानित्सा' म्हणायला लावायचं. हे एका पावाचं नाव. रशियन जिभेला ते नीट जमत नाही असा तिथे समज आहे. खऱ्या नाक्यांवर हेच चालत होतं. चढाई नाही, ध्वज नाही. थांबवायचं, तपासायचं, सोडायचं.

आपल्याकडेही सातारा-कोल्हापूरच्या ज्या घरातला बाप फौजेत आहे तिथल्या मुलांचं सैन्य बघा. त्यात ट्रंक भरणं असतं, एसटीची वाट बघणं असतं, सुट्टी वाढवून मिळाली की नाही याची चर्चा असते. गोळीबार सगळ्यात शेवटी, आणि तोही उरकल्यासारखा.

कानावर आलेल्या युद्धात हे काहीच नसतं. तिथे निकाल आधी ठरलेला असतो, खेळ त्या निकालापर्यंत पोचण्यासाठी. त्यात वाईट काही नाही, पण ते निरुपद्रवीच असतं असंही नाही. जर्मन पत्रकार सेबास्टियन हाफ्नर १९०७ चा, बर्लिनमध्ये वाढलेला. पहिलं महायुद्ध त्यानं शाळकरी पोर म्हणून पाहिलं: रोज आघाडीची निवेदनं वाचायची, कैद्यांचे आणि जिंकलेल्या प्रदेशाचे आकडे सामन्याच्या धावसंख्येसारखे मोजायचे. पुढे त्यानं लिहून ठेवलं की नाझीवादाची मुळं खंदकात लढलेल्यांत तितकी नव्हती. ज्यांनी ते युद्ध घरबसल्या खेळ म्हणून अनुभवलं त्या मुलांच्या पिढीत होती. सगळं खापर एका पिढीच्या बालपणावर फोडणं मला जास्त वाटतं. तरी चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचं पुस्तक हातात घेतलं की मला हाफ्नर आठवतो.

आता काळजीची जागा. चोर-शिपायांत चोर व्हायला सगळे तयार असतात. चोराला पळायला मिळतं. प्रतापगडच्या लढाईत खान कुणी व्हायचं? हा प्रश्न प्रत्येक गल्लीत येतो आणि तो कसा सुटतो त्यातून आजचा काळ दिसतो, १६५९ चा नव्हे. महाराज बहुधा तोच होतो ज्याच्या अंगणात किल्ला आहे किंवा ज्याच्या आईनं लाडू दिलेत. मुलींच्या वाट्याला जिजाऊ किंवा हिरकणी, आणि त्याआधी माती चाळणं. धाकट्या भावंडाला खान करतात, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. इथपर्यंत ठीक. पण वर्गातल्या शेख किंवा मुलाणी आडनावाच्या मुलाला 'तू खान हो' म्हणून पुढे ढकललं जातं तेव्हा खेळ संपलेला असतो. हे मी शाळेच्या मैदानावर पाहिलंय, सुशिक्षित घरांतल्या मुलांकडून पाहिलंय. तो मुलगा हसून तयार होतो आणि नंतर चार दिवस खेळायला येत नाही.

इथे इतिहास माहीत असण्याचा उपयोग होतो. सिंहगडावर तानाजी ज्याच्याशी लढता लढता पडले तो उदयभान राठोड रजपूत होता. पुरंदरचा तह करायला लावणारे मिर्झाराजे जयसिंह रजपूत होते. अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण, आणि खंडोजी खोपड्यासारखे मावळातले देशमुख खानाच्या बाजूला गेलेले. उलट महाराजांच्या पायदळाचा सुरुवातीच्या काळातला सरनौबत नूर बेग, आरमारात दौलतखान. हे मुलांना व्याख्यान म्हणून सांगू नका, ते कानाआड करतील. भूमिका म्हणून द्या. 'आपल्याला दौलतखान लागेल, आरमार कोण सांभाळणार?' म्हटलं की दोघं-तिघं पुढे येतात, कारण आरमाराला बादलीभर पाणी मिळणार असतं.

दुसरी गोष्ट, किल्ल्यात लढाईखेरीज काय आहे ते विचारा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याविषयी जे सांगितलंय त्यात आधी पाणी पाहा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, यावर भर आहे. तुमच्या मुलाच्या रायगडावर टाकं आहे का? धान्याचं कोठार? गडाचा कारभार एकाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत, म्हणजे एकट्याला फितूर होऊन गड देता येऊ नये. गडाखालच्या मेटांवर, म्हणजे चौक्यांवर, रामोशी, कोळी, महार, बेरड यांचा पहारा. बाजारात मावळे मिळतात ते सगळे ढाल-तलवारीचे, एका साच्यातले. पाणक्या, लोहार, कारकून विकत मिळत नाहीत. ते मुलांना शाडूचे करायला लावा. नाकडोळे वाकडे येतील, येऊ देत. आमच्याकडे एका मुलीनं गडाची हिशोबवही करून सदरेवर ठेवली होती. त्यात 'तोफगोळे ४०, गूळ १ पोतं' असं होतं. मी तिला पहिला क्रमांक द्या म्हटलं, बाकीच्या परीक्षकांनी कारंज्याला दिला.

तयार प्लास्टरचे किल्ले हल्ली रस्त्याकडेला विकायला असतात. घ्यायचा तर घ्या, दिवाळीत कुणाला वेळ असतो. पण त्यात मुलाला ठरवण्यासारखं काही उरत नाही: दरवाजा कुठे, चढण कुठून, पाणी कुठे. तुमच्या मुलांनी रणगाडा महादरवाजासमोर ठेवला म्हणजे दरवाजाचं महत्त्व त्यांना कळलंय. हा निर्णय त्यांचा आहे, म्हणून तर आपल्याला त्याबद्दल बोलता येतंय.

मोबाइलवरच्या लढायांचं हेच दुखणं. त्यांतही आजूबाजूचा इतिहास येतो, उलट फार झटपट येतो. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैनिकांशी झटापट झाली, सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, आणि २६ जानेवारी २०२१ ला गलवानच्याच पार्श्वभूमीवरचा फौजी हा देशी खेळ बाजारात आला. सात महिन्यांत लढाईचा खेळ तयार. पण शत्रू कोण, तो कसा दिसतो, त्याच्याशी तह करता येईल का, हे सगळं खेळ बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं. अंगणात मुलं निदान भांडून ठरवतात.

बंदूक घेऊन द्यावी का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो म्हणून सांगतो. स्वीडनमध्ये १९७९ साली खेळणी विक्रेत्यांनी युद्धाची खेळणी न विकण्याचं आपणहून मान्य केलं. त्यातली मेख अशी की बंधन १९१४ नंतरच्या युद्धांपुरतं होतं. चिलखतातले सरदार, तलवारी, घोडे चालतील, रणगाडे नकोत. जुनं झालं की युद्ध शोभेचं होतं, अशी ती समजूत. आपणही तेच करतो: भवानी तलवार हौसेनं आणतो आणि मशीनगन बघून दचकतो. मी माझ्या घरी दोन्हींना बंदी घातली नाही. मुलांनी पट्टीची बंदूक केली असती आणि लाटण्याची तोफ.

लढाई खेळण्यानं मूल हिंसक होतं असं मला दिसलेलं नाही. बदलत राहणारा, भांडणं होणारा, मध्येच खायला उठता येणारा खेळ असला तर तो खेळच आहे. एखादं मूल मात्र तोच प्रसंग तसाच, चेहऱ्यावर काही आनंद नसताना, दिवसेंदिवस पुन्हा पुन्हा खेळत असेल, तर ते युद्ध त्याच्या कानावरचं नसून अंगावरचं असू शकतं: घरातली मारहाण, पाहिलेला अपघात, कुणाचं जाणं. तिथे इतिहासाच्या मास्तरचं काम नाही, बालमानसतज्ज्ञाकडे जा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात तसं काहीच नाही. पुढच्या दिवाळीत त्यांना १६८९ चा रायगड करायला सुचवून बघा. बहुतेक नकार येईल, पण का नको ते नक्की विचारा, आणि काय म्हणाले ते मलाही कळवा.